माटिल्डेचे सरळ टाके

लिंडनरबाईंच्या कपाटात निळ्या काठाचा एक कप होता. तीन वर्षं तो नीलाचा होता. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचला ती बसमधून उतरून, बुटांवरचा बर्फ पायरीवर झटकून आत आली, की टेबलावर तोच कप तिची वाट पाहत असायचा. बाकीचे पाच कप पांढरे होते. एवढ्याशा कपावर आपण किती भार टाकला आहे, हे नीलाला कळलं ते तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिसला तेव्हा.

ॲन आर्बरला ती आली २००२ च्या जानेवारीत. संजयची नोकरी जवळच्या नोव्हाय गावात, गाड्यांच्या सुट्या भागांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. नीलाला गाडी येत नव्हती, म्हणून त्याने बस असलेल्या गावात घर घेतलं आणि रोज चाळीस मिनिटं ड्राइव्ह करायचं स्वतःकडे ठेवलं. पुण्यात ती सात वर्षं जर्मन शिकवत होती, कारखान्यांसाठी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करत होती. इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. पासपोर्टात चिकटवलेल्या त्या कागदाचा अर्थ एवढाच की राहा खुशाल, पण पगाराच्या कामाला हात लावू नका. पहिल्या हिवाळ्यात तिने स्वयंपाकघरातली कपाटं चारदा आवरली. पाचव्यांदा आवरायला घेतली तेव्हा संजय म्हणाला, "अगं, मसाल्यांना तरी सेटल होऊ दे यार."

सार्वजनिक वाचनालयातल्या फलकावर तिला ती चिठ्ठी दिसली. जर्मन वाचून दाखवणारं कोणी हवं होतं, आठवड्यातून दोनदा. मोबदला घ्यायची तिला परवानगी नव्हती, आणि ते तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मग आपण कॉफी पिऊ," लिंडनरबाई म्हणाल्या.

इर्मगार्ट लिंडनर तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. प्राध्यापक नवऱ्याबरोबर पन्नासच्या दशकात हाम्बुर्गहून या गावात आलेल्या, आता एकट्या. डोळ्यांचा मधला भाग गेला होता. नजरेच्या कडा तेवढ्या शाबूत होत्या. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे, कान दिसत. "तुमच्या कानातलं छान आहे," असं त्यांनी नीलाला सांगितलं तेव्हा पुण्यातल्या त्या साध्या कुड्यांना पहिल्यांदाच कोणीतरी छान म्हटलं होतं.

नीला आधी वर्तमानपत्रं वाचायची. मग एके दिवशी बाईंनी पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. आत पत्रं होती. त्यांच्या आजोबांची, ऑगस्ट व्हेसेलमान यांची. हाम्बुर्गमधले हे मर्चंट बँकर; आपल्या भाषेत सांगायचं तर पेढीवाले. कॉफी, कातडी, नीळ भरून येणाऱ्या जहाजांना पैसा पुरवायचा, व्यापाऱ्यांच्या हुंड्या वटवायच्या, आणि धुक्यात जहाज उशिरा आलं की तीन रात्री झोपायचं नाही, असं त्यांचं आयुष्य. धाकटा भाऊ तेओडोर चिलीत वाल्परायसोला पेढीची शाखा सांभाळायचा. त्याला ऑगस्टने चाळीस वर्षं दर महिन्याला पत्र लिहिलं. तेओडोर वारल्यावर ती सगळी पत्रं, घरातल्या इतर काही कागदांसकट, या ट्रंकेत येऊन पडली.

लिपी जुनी होती. वळणं एकमेकांत गुंतलेली, 'ई' आणि 'एन' जुळ्या भावांसारखे. नीलाला पुण्यात शिकलेल्या मोडीची आठवण झाली. तिथेही आधी काहीच लागत नाही, मग एक दिवस अचानक ओळ आपणहून तोंड उघडते. भिंग घेऊन ती अक्षर अक्षर वर्णन करायची, बाई डोळे मिटून शाळेतली अक्षरं आठवायच्या आणि सांगायच्या. दोघींची मिळून एक वाचणारी बाई झाली होती.

ऑगस्ट मेणबत्त्यांच्या बाबतीत चिक्कू होता. त्याला मुरवलेला मासा आवडायचा आणि बाधायचा. थोरल्या मुलाला व्यापाराची अक्कल नाही, असं तो प्रत्येक पत्रात लिहायचा आणि शेवटी त्या मुलाच्या सर्दीची चौकशी केल्याबद्दल भावाचे आभार मानायचा. सासऱ्यांविषयी नीलाला माहीत नव्हतं इतकं या माणसाविषयी माहीत झालं. भाजी चिरताना ती संजयला सांगायची, "ऑगस्टचं जहाज आलं नाही अजून."

"इन्शुरन्स असेल," संजय म्हणायचा.

"चेष्टा नको. त्याची झोप उडालीये."

बाईंचे कुटुंबीय २००६ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच अंगणात जमायचे होते. तोपर्यंत पत्रांचं इंग्रजी करून, घराण्याची माहिती जोडून एक पुस्तक छापायचं असं ठरलं. "आणि पहिल्या पानावर," लिंडनरबाई म्हणाल्या, "ही पत्रं ज्यांनी वाचली त्यांचं नाव असेल. तुमचं."

"छे, त्याची काय गरज?" नीला म्हणाली. ती पुण्याची होती. पहिल्या झटक्यात हो कसं म्हणणार? पण परतीच्या बसमध्ये तिने ते नाव खिडकीवरच्या बाष्पावर बोटाने लिहून पाहिलं. या देशात तिच्या नावाचं घर नव्हतं, खातं नव्हतं, पगाराचा कागद नव्हता. एका छापील पानावर आपण असणार, या विचाराने तिने पुढची दोन वर्षं रेटली.

हिमानीला त्या घरात तिनेच नेलं. हेच तिला नंतर सर्वांत जास्त बोचलं. स्वतःच्या हाताने नेलं होतं.

हिमानी २००५ च्या शरदात त्यांच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. नागपूरची, अठ्ठावीस वर्षांची, नीलापेक्षा पाच वर्षांनी लहान, जिन्यात भेटलं तरी मिठी मारणारी. तिचा नवरा केदार कंपनीने बदली करून पाठवलेला. अशा लोकांच्या बायकांना कामाचा परवाना मिळतो. तो हिमानीला दोन महिन्यांत मिळाला. तिने तो कार्डाचा तुकडा नीलाला असा दाखवला जसं एखादं मूल नवं खेळणं दाखवतं. नीला म्हणाली, "वा, फोटो छान आलाय." आणि घरी येऊन मसाल्यांचं कपाट आवरायला घेतलं.

पुस्तकासाठी टाइप करणारं, तक्ते काढणारं कोणी हवं होतं. बाईंचा भाचा, त्यांच्या भावाचा मुलगा राल्फ, शिकागोहून फोनवर तेच विचारत होता. नीला म्हणाली, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे.

पहिल्या दिवशी हिमानी डबा घेऊन आली. नीलाला संकोचाने घाम फुटला. तीन वर्षांत तिने त्या घरात कधी काही शिजवून नेलं नव्हतं. म्हातारीला तिखट कसं सोसणार, म्हणून ती मुकाट्याने बाईंचा कोरडा केक खात आली होती. हिमानीने झाकण उघडलं. तर्री पोहे, वर चण्याचा तिखटजाळ रस्सा.

"अगं, हे काय आणलंस तू!" नीला कुजबुजली. "त्यांना त्रास होईल."

"काही नाही होत, नीलाताई. थोडीशीच तर्री घातली बाप्पा."

बाईंनी दोनदा घेतलं. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसत सुटल्या. नीलाने त्यांना इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. मग हिमानीने त्यांना 'आजी' म्हणायला सुरुवात केली. बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, जिभेवर खडीसाखर फिरवावी तसा, आणि ठेवून घेतला. नीला इतकी वर्षं त्यांना 'फ्राउ लिंडनर' म्हणत आली होती आणि त्या तिला जर्मनमधलं आदराचं 'तुम्ही'. हिमानीला मात्र पहिल्या तासातच 'बाळा'.

पुढच्या शुक्रवारी नीला पोचली तेव्हा हिमानी आधीच लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या उजव्या हाताशी निळ्या काठाचा कप होता.

नीला पांढऱ्या कपातून प्यायली. कॉफी तीच होती.

हेवा हा मोठा कष्टाळू असतो, तो सुट्टी घेत नाही. हिमानीची लाल छोटी गाडी बाईंच्या घरासमोर उभी दिसली की नीलाला बसचा थांबा आणखी लांब वाटायचा. हिमानीचा चेक राल्फकडून दर पंधरवड्याला यायचा आणि ती त्यातून कुणाकुणाला काय काय घ्यायची. नीलालाही शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून एक ओढणी आणली. ओढणी सुंदर होती. नीलाने ती एकदाही वापरली नाही, आणि वापरत नाही म्हणून स्वतःवर चिडली, आणि मग ओढणीवर चिडली.

"तुला ती मुलगी आवडत नाही का?" संजयने एकदा विचारलं.

"आवडते ना. सगळ्यांनाच आवडते."

"मग?"

"मग काही नाही. कांदा चिर."

नव्या वर्षात राल्फने सुचवलं की टाइपिंग मागे पडतंय, तेव्हा मंगळवार-शुक्रवार हिमानीला द्यावेत. वाचन बुधवारी एक तास पुरे. बाईंनी अपराधी स्वरात ते नीलाला सांगितलं. नीला म्हणाली, काहीच हरकत नाही. त्या दिवशी तिने ट्रंकेतलं शेवटचं, उघडायचं राहिलेलं पुडकं उचललं आणि म्हणाली, "हे मी घरी नेऊन वाचते. वेळ वाचेल."

खरं म्हणजे तिला ते कुणाबरोबर वाचायचं नव्हतं. १८७० आणि ७१ सालची ती पत्रं होती, ऑगस्टच्या लग्नाच्या वेळची, सगळ्यांत गोड भाग. ती एकटी लावणार होती आणि उन्हाळ्यात सगळ्यांसमोर एकदम ठेवणार होती. बाईंना एक ओळही वाचून दाखवली नाही. दाखवली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

पत्रांत माटिल्डे नावाची मुलगी होती. ऑगस्ट तिच्याविषयी लिहिताना मेणबत्त्यांचा चिक्कूपणा विसरायचा. माटिल्डे गाते. माटिल्डेने माझ्या हातमोज्याला टाका घातला. माटिल्डेची धाकटी बहीण आमच्या बैठकीत फार बडबड करते. वसंतात वाङ्‌निश्चय झाला. मग पाच महिने पत्रं नव्हती, गहाळ झाली असावीत. आणि नोव्हेंबरात, लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात ऑगस्टने लिहिलं होतं, 'माझी क्लारा.' तिथून पुढे चाळीस वर्षं क्लाराच. माटिल्डेचं नाव पुन्हा नाही.

नीलाला क्षणभरही अडखळायला झालं नाही. माटिल्डेचं लग्न झालं आणि ती क्लारा झाली. मुलीचं लग्नात होतं तेच झालं.

तिचंही झालं होतं. १९९६ पर्यंत ती उल्का दिगंबर शेवडे होती. लग्न ठरलं तेव्हा संजयच्या आत्या म्हणाल्या, "उल्का? तुटता तारा का कोणी घरात आणतं?" ताटात तांदूळ पसरले, सोन्याच्या अंगठीने संजयने 'नीला' लिहिलं, सगळ्यांना पेढे दिले. संजयला तेव्हा आत्यांपुढे बोलायची पद्धत नव्हती, तिलाही नव्हती. जर्मनच्या सगळ्या परीक्षा उल्काने दिल्या होत्या. नीलाला प्रतिज्ञापत्र करून तिची प्रमाणपत्रं मिळाली. ही गोष्ट इतकी सरळ होती, की ती एखाद्या जर्मन पेढीवाल्याच्या घरी घडत नसेल असं तिच्या मनातच आलं नाही.

वंशावळीच्या तक्त्यासाठी तिने हिमानीला चिठ्ठी लिहून दिली: 'ऑगस्टची पत्नी, माटिल्डे, लग्नानंतर क्लारा.'

हिमानीने चिठ्ठी वाचली, डोकं खाजवलं. "नीलाताई, यांच्यातही नाव बदलतात का गं? आजीचं तर नाही बदललं. फक्त आडनाव."

"दीडशे वर्षांपूर्वीचं आहे हे."

"नाही, म्हणजे आजीला एकदा विचारू का?"

"हिमानी," नीला म्हणाली, "तुला जर्मन येतं का?"

हिमानीचा चेहरा पडला. "नाही."

"मग जे दिलंय ते टाइप कर."

आयुष्यात एवढ्या थंड आवाजात ती कुणाशी बोलली नव्हती. आणि खोटं कशाला बोला, घरी जाताना बसमध्ये तिला बरं वाटत होतं.

समारंभ ऑगस्ट महिन्यात होता, शनिवारी. त्याआधीच्या गुरुवारी नीलाने पुडक्यातलं शेवटचं पत्र उघडलं. अक्षर वेगळं होतं, बारीक, ताठ. ते ऑगस्टला आलेलं होतं. तारीख १८७३, लग्नाला दोन वर्षं झाल्यानंतरची. खाली सही होती: माटिल्डे.

तिने ते तीनदा वाचलं. संजय कामावरून आला तेव्हा चहाचं पातेलं करपलं होतं.

"काय झालं?"

"दोघी होत्या," नीला म्हणाली. "माटिल्डे आणि क्लारा. बहिणी. वाङ्‌निश्चय थोरलीशी झाला आणि लग्न त्या बडबड्या धाकटीशी."

"आयला, ऑगस्ट भारीच निघाला." मग तिच्याकडे पाहून, "तक्त्यात चुकलंय का?"

"हो."

"मग हिमानीला फोन कर. आज करेल ती दुरुस्त."

नीलाने फोन उचलला. सहा फुटी तक्ता आधीच छापून झाला होता. खालच्या कोपऱ्यात हिमानीने हौसेने नक्षी काढून लिहिलं होतं, 'संकल्पना व मांडणी: हिमानी.' तो कोपरा नीलाला आठवला. चिठ्ठी कुणी दिली होती, हे तक्त्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिने फोन ठेवला. "उद्या करते," ती म्हणाली. शुक्रवारी केला नाही.

शनिवारी अंगणात सतरा व्हेसेलमान जमले. बटाट्याचं सॅलड होतं, सॉसेजेस होते, आणि हिमानीचे पोहे, ज्यांच्यापुढे रांग होती. पुस्तक मागे पडलं होतं, पण तक्ता तयार होऊन गॅरेजच्या दारावर लागला होता. लिंडनरबाई सफरचंदाच्या झाडाखाली खुर्चीत. त्यांना अक्षरं दिसणार नव्हती, म्हणून राल्फ मोठ्याने वाचत होता. नीला कुंपणापाशी उभी होती, पिशवीत ते पत्र होतं, आणि निकालाच्या दिवशी वर्गातल्या हुशार मुलीचा नंबर ऐकावा तशी ती ऐकत होती.

"ऑगस्ट व्हेसेलमान, जन्म १८४२," राल्फ वाचत होता. "पत्नी माटिल्डे, लग्नानंतर क्लारा म्हणून ओळखली जाणारी."

"काय?" लिंडनरबाई म्हणाल्या.

राल्फने पुन्हा वाचलं. कोणीतरी हसलं.

"पण माटिल्डे तर माझ्या शेजारी बसायची जेवायला!" बाई म्हणाल्या. "मी दहा वर्षांची होईपर्यंत. क्लारा आजीची बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं. हे कुणी लिहिलं?"

राल्फ ओशाळून तक्त्याच्या कोपऱ्याकडे पाहू लागला. सगळेच पाहू लागले. हिमानीच्या हातात पोह्यांचा डाव होता. तिने नीलाकडे पाहिलं, फक्त एकदा. नीलाने नजर गवतावर ठेवली.

"मी लिहिलं," हिमानी म्हणाली. "सॉरी, आजी. माझी चूक."

"पण हे सुचलं कसं तुला?"

हिमानीने डाव खाली ठेवला. मग हळूहळू, जणू बोलता बोलताच तिला उलगडत होतं, म्हणाली, "आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव नाही, पहिलं नाव. ताटात तांदूळ ठेवतात आणि नवरा त्यावर नवं नाव लिहितो. म्हणून वाटलं असेल... म्हणजे, वाटलं मला."

आणि मग नीलाला जे अपेक्षित होतं त्यातलं काहीच झालं नाही. बाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत पुढे सरकल्या, त्यांचा चेहरा उजळला. "तांदळावर? इकडे ये, बाळा." त्यांनी हिमानीचा हात दोन्ही हातांत घेतला. एक वयस्क बाई जवळ आल्या, राल्फने खुर्ची ओढली, मुलंसुद्धा गोळा झाली. ऑगस्टच्या घराण्याच्या तक्त्यापेक्षा त्या ताटातल्या तांदळाची सगळ्यांना ओढ लागली. "सांग ना, तुझं आधीचं नाव काय होतं?" बाईंनी विचारलं.

"माझं?" हिमानी गडबडली. "माझं नाही बदललं. आमच्या घरी कुणी..."

"माझं बदललं," नीला म्हणाली.

आपण कधी पुढे आलो, ते तिलाही कळलं नाही. ती सफरचंदाच्या झाडाखाली उभी होती आणि जर्मनमध्ये बोलत होती, राल्फ मागोमाग बाकीच्यांना इंग्रजीत सांगत होता. ते चांगुलपणातून आलेलं नव्हतं. कप गेला, दुपार गेली, 'आजी' गेली. पण ती चूक तिची होती, तिच्या लग्नातून, तिच्या ताटातून आलेली, आणि तीही हिमानीच्या नावावर जाणार होती. ते तिला सोसवलं नाही.

"चिठ्ठी मी लिहून दिली होती. हिमानीला शंका आली होती. ती तुम्हाला विचारणार होती, मी विचारू दिलं नाही. माझं नाव उल्का होतं."

"उल्का," बाई म्हणाल्या. "म्हणजे काय?"

"आकाशातून जळत पडते ती."

बाईंनी मान तिरकी केली. कडेच्या नजरेने त्या तिच्याकडे पाहत होत्या, पहिल्या दिवशीसारख्या, कानांकडे. नीलाने पिशवीतून पत्र काढलं.

"आणि हे माटिल्डेचं आहे. तुमच्या आजोबांना लिहिलेलं. त्यांचं लग्न आधी तिच्याशी ठरलं होतं."

बाईंचा हात हिमानीच्या हातात तसाच राहिला. "आम्हाला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "ती मला सफरचंद सोलून द्यायची. साल कधी तुटायची नाही." मग म्हणाल्या, "वाच तू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला 'तू' म्हटलं होतं. नीलाने वाचलं.

'प्रिय ऑगस्ट, बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी झबलं पाठवते आहे. लेस आईच्या लग्नातल्या जाळीदार ओढणीची आहे, जी मला मिळणार होती. शिवताना सुई बोटात गेली, तेव्हा मी ती जाऊ दिली. कापडावर मात्र डाग पडू दिला नाही. क्लाराला सांग, हे तिच्यावरच्या प्रेमाने शिवलेलं नाही. ते अजून मला जमत नाही. पण टाके सरळ आहेत, तिने उलटं करून पाहावं.'

त्या झबल्यात राल्फचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या वडिलांचा झाला होता, बाईंचाही. ते राल्फ सांगत होता, कुणीतरी रडत होतं, पण नीलाचं तिकडे लक्ष नव्हतं. हिमानी उठून आत गेली होती.

स्वयंपाकघरात ती डबा घासत होती, जरा जास्तच जोर लावून.

"तुला कधी कळलं?" तिने न वळता विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "गुरुवारी."

नळ चालू होता. "माय गं," हिमानी हळूच म्हणाली. "दोन दिवस. मी परत प्रिंट केलं असतं ना, नीलाताई. मी तिथं डाव घेऊन उभी होते येड्यासारखी."

"मला माहीत आहे."

"काऊन केलं असं?"

नीला ओट्यावरच्या निळ्या काठाच्या कपाकडे पाहत होती. "तो माझा होता," ती म्हणाली. आणि म्हणताच तिला ते किती छोटं आहे ते ऐकू आलं.

हिमानीने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला काय माहीत? जो हाती आला तो घेतला मी." तिने डबा पुसला, पिशवीत टाकला आणि मागच्या दाराने निघून गेली. लाल गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पुढचे कित्येक महिने ती जिन्यात भेटली तर फक्त मान हलवायची. मग केदारने नोव्हायला घर घेतलं आणि तेही संपलं.

त्या संध्याकाळी संजयने गाडीत विचारलं, "मग आता मी तुला काय म्हणू?"

"काय म्हणायचं ते म्हण."

दोन सिग्नल मागे पडले. "मला तेव्हाच आवडायचं ते," तो म्हणाला. "उल्का. आत्यापुढे बोललो नाही."

"दहा वर्षांनी सांगतोयस."

"ट्रॅफिक होता."

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

पुस्तकासाठी राल्फने ईमेल पाठवून विचारलं, नाव कसं छापायचं? पासपोर्टवर नीला संजय गोगटे होतं. तिने एक आठवडा उत्तर दिलं नाही. बुधवारी, आणि आता पुन्हा शुक्रवारीही, ती लिंडनरबाईंकडे जायची. टेबलावर कुठला कप असेल ते तिने बघायचं सोडलं होतं, निदान बघते हे कळू द्यायचं सोडलं होतं. आठव्या दिवशी तिने एक शब्द लिहून पाठवला आणि त्यापुढे वडिलांचं आडनाव.

पुस्तक २००७ च्या डिसेंबरात टपालाने आलं. बाहेर बर्फ होता. तिने बूटही न काढता पहिलं पान उघडलं. 'जुन्या हस्तलिखितांचं वाचन आणि भाषांतर' याखाली ती होती. पण त्या ओळीच्या वरती दुसरी ओळ होती, 'मांडणी: हिमानी.' राल्फ शिस्तीचा माणूस. त्याने नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली होती.

नीला त्या पानाकडे बघत राहिली. इतकं सगळं होऊनही तो कष्टाळू हेवा कामावर हजर झालाच. तिला स्वतःची कमाल वाटली. मग तिने फोन उचलला आणि दीड वर्षात न लावलेला नंबर लावला.

"हॅलो?" मागे मिक्सरचा आवाज.

"हिमानी, मी बोलतेय. पुस्तक आलं?"

मिक्सर थांबला. "आलं," हिमानी सावधपणे म्हणाली. "सकाळीच."

"तुझं नाव वर आहे."

"हं."

"मराठीत असतं तर माझं आधी आलं असतं. स्वरांत. तुझा 'ह' तर पार शेवटाला असतो."

मग हिमानी हसली. आधी नाकातून, मग ते आवरेना. "बाई गं," ती म्हणाली, "तू काही सुधरत नाहीस."

"नाही," उल्का म्हणाली, "पण यावेळी लगेच सांगितलं."